एकाहत्तर टक्के अनोळखी

माझ्या नावापुढे सात टक्के लिहिलंय. लपवून काय करू? मोबाइलवर सरकारचं 'गुरुपट' उघडा, उज्ज्वला खरमाटे टाका, शाळा गडदेवस्ती. फोटोसकट येईन मी. कुठल्या साली लागले, कितीदा बदली झाली, किती दिवस रजा, किती दिवस निवडणुकीच्या कामाला, किती दिवस प्रशिक्षणाला, सगळं आहे. राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाचं आहे, आणि टपरीवर बसलेला माणूससुद्धा चहा उकळेपर्यंत ते वाचून काढतो. शिक्षक जनतेचा, तर त्याची माहितीही जनतेची, असा कायदाच झाला.

सात टक्के म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही वस्तीवरच्या लोकांसारखं 'बाईला शंभरात सात मार्क' म्हणून दात काढाल.

गेली वीस वर्षं आम्ही दर सत्राला प्रत्येक मुलाकडून एक उतारा मोबाइलवर वाचून घेत होतो. वाचन पडताळणी. पोरं वाचायची, आम्ही वर पाठवायचो, पुढं त्याचं काय होतं ते कुणी विचारत नव्हतं. ते सगळं साठत होतं. मग पुण्यातल्या काही संशोधकांनी ते कोट्यवधी आवाज संगणकाला ऐकवले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की मूल वाचायला शिकतं तेव्हा नुसती अक्षरं शिकत नाही. श्वास कुठं घ्यायचा, जोडाक्षराआधी किती थांबायचं, चुकलं तर शब्दाच्या सुरुवातीला जायचं की वाक्याच्या, हे सगळं ते शिकवणाऱ्या माणसाकडून उचलतं. आणि ते जन्मभर जात नाही. पुढं तो कलेक्टर होवो नाहीतर ट्रक चालवो, पाटी वाचताना तो तिथंच थांबतो जिथं त्याला शिकवणारं माणूस थांबायचं.

या लकबीला त्यांनी नाव दिलं ठसा. आम्हा शिक्षकांचे आवाज तर ऑनलाइन प्रशिक्षणांमुळे त्यांच्याकडे पडूनच होते. मुलाचा ठसा काढायचा, शिक्षकांच्या आवाजांशी ताडून बघायचा, की कळलं, या पोराला वाचायला खरोखर कुणी शिकवलं. स्वतः शहरात बसून शाळेवर भाड्याचं माणूस ठेवणारे कितीतरी महाभाग त्यात सापडले. पेपरात त्यांची नावं आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. खोटं का बोलू? म्हटलं, बरं झालं, एकदाचे सापडू देत चोर.

मग आमच्या शाळेचे आकडे आले. एकोणीस वर्षांतली दोनशे चौदा मुलं. घरच्यांचा ठसा अठरा टक्के. माझ्याआधीच्या गुरुजींचा चार. उज्ज्वला खरमाटे, सात. आणि खाली लाल अक्षरांत: अनोळखी आवाज, एकाहत्तर टक्के.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचा पोपट गडदे मोबाइल हातात धरूनच आला. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, एकोनीस वर्षं तुमी नेमकं करत काय हुतासा?"

"तुझी पोरगी वाचते का नाही धडाधड?" मी म्हटलं.

"वाचती की. पर तुमी न्हाई शिकीवलं असं सरकार म्हनतंय. मग कुनी शिकीवलं? भुतानं?"

मागं चार बायका उभ्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. माझं डोकंच फिरलं. जिल्ह्यात वाचनात आमची शाळा पहिली म्हणून मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला होता, तेव्हा याच बायकांनी मला ओवाळलं होतं. मी पोपटला म्हटलं, "जा, यंत्राला विचार, माझ्या वर्गात बडबडू नकोस." तो गेला. पण भूत कुठलं ते मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. ते व्हरांड्यात बसून तांदूळ निवडत होतं.

मालन गडदे. आमच्या शाळेची खिचडी शिजवणारी. मी तिला मालनताई म्हणते आणि अगंतुगं करते, ती मला बाई म्हणते आणि अहोजाहो करते. एकोणीस वर्षांत त्यात काही बदललं नाही.

आता माझी बाजू ऐका. आमची शाळा दोन शिक्षकांची, पण दुसरी जागा मी आले तेव्हापासून रिकामी. चार वर्ग, एक बाई. मुख्याध्यापक मीच, कारकून मीच, शिपाई मीच. आणि रोज वरून निरोप: माहिती पाठवा, दुपारी तीनच्या आत, अत्यंत तातडीचं. किती मुलांचे दात किडले, किती झाडं जगली, किती पालकांकडं बँकेचं खातं. सगळ्यात जास्त माहिती कुणाची, तर शिक्षकांची. शिक्षक आज हजर होता का, किती तास शिकवलं, शिकवताना समाधानी होता का. वस्तीवर रेंज नव्हती, ती मिळायची बिरोबाच्या टेकाडावर. मी वही, मोबाइल, पाण्याची बाटली घेऊन निघायचे आणि म्हणायचे, "मालनताई, पोरांकडं जरा बघ गं, आलेच दहा मिनिटांत." दहा मिनिटांचे दोन तास व्हायचे. टेकाडावर बाभळीखाली बसून मी रकाना भरायचे: अध्यापन पूर्णवेळ झाले का? हो. एकोणीस वर्षं मी रोज तो 'हो' भरला. आमच्यातले सगळेच भरत होते, 'नाही' भरलं तर आणखी चार रकाने उघडायचे.

पुढं टॉवर आला, टेकाड सुटलं. पण माहिती वाढली, आणि मी वर्गातच कोपऱ्यात पडद्याकडं तोंड करून बसायला लागले. पोरं आपसूक व्हरांड्यात जायची, मालनकडं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मालनताई, तू पोरांना वाचायला कसं शिकवायचीस गं?"

"मी कुठलं शिकीवतीया बाई!" ती हसली. "मी दुसरीतनं शाळा सोडल्याली. तुमी टेकाडावर गेलासा की पोरं दंगा करायची. म्हटलं, वाचा काय तरी. तर ती वाचायची आन् मी त्यांच्यासंगं वाचायची. मला कुठं जमायचं? आडलं की मी थांबायची. म्हनायची, थांबा रं, मागनं येऊ, पुन्यांदा बघू. मग समदी मिळून मागनं यायचो. कवा त्यांना आदी यायचं, कवा मला."

एवढंच होतं ते. ती शिकवत नव्हती, ती पोरांबरोबर शिकत होती. अडलं की घाबरायचं नाही, मागं यायचं आणि परत बघायचं, हे पोरांनी तिच्याकडून घेतलं. माझ्यासारखी फाडफाड वाचून दाखवणारी बाई ते कशी देणार होती? मला आतून लाज वाटली, आणि खरं सांगते, तिचा रागही आला.

मी तिला ठशाची गोष्ट सांगितली. एकाहत्तर टक्के म्हणजे शंभर दाण्यांतले एकाहत्तर तुझे, असं सांगितल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"माजं नाव येईल व्हय त्यात? मोबाइलवर?"

"अजून नाही आलं. तुझा आवाज त्यांच्याकडं नाही म्हणून अनोळखी लिहिलंय."

"मग दिऊ की आवाज! काय करायचं असतंय? वाचूनच दावायचं नव्हं?" छप्पन्न वर्षांची बाई, पण चेहरा असा झाला की मला तिच्याकडं बघवेना. "आमच्या मालकांनी जन्मभर मला येडी म्हनून हाक मारली वो. एकदा दिसू द्या की नाव."

मी म्हटलं, बघू.

आठवड्यानं आमचे केंद्रप्रमुख बिराजदार सर आले. आमच्या बारा शाळांवर देखरेख करतात. मनानं चांगला माणूस, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायचा नाही. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "मॅडम, पन्नास टक्क्यांच्या वर अनोळखी आवाज निघाला की चौकशी लागते. तुम्ही वर्गावर भाड्याचं माणूस ठेवलं होतं का?"

"सर, तुम्ही मला ओळखता."

"मी ओळखतो, यंत्र ओळखत नाही. बरं, आवाज कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे?"

मी व्हरांड्याकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आणि लगेच हात वर केला. "मला सांगू नका. सांगितलंत तर मला लिहावं लागेल. नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या हाती वर्ग दिला तर शिक्षक बडतर्फ. पेन्शनसकट. आणि ती व्यक्ती पुन्हा शाळेच्या आवारात पाऊल टाकू शकत नाही."

"एकोणीस वर्षं ती माझ्यासाठी..."

"मॅडम!" ते जवळजवळ ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या मंगळवारी आवाज पथक येईल. शाळेत वावरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून एक उतारा वाचून घेतील. फक्त निरक्षर माणसाला सूट आहे. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असा त्यामागचा विचार. अंगठा घेतात आणि सोडून देतात. कुणाशीच आवाज जुळला नाही तर 'शोध लागला नाही' म्हणून प्रकरण बंद. एवढंच सांगायला आलो होतो." चहासुद्धा न घेता ते गेले.

त्याच दुपारी समृद्धीचा फोन आला. माझी मुलगी, बंगळुरूला नोकरी करते. शिक्षकांनी आपली मुलं आपल्याच शाळेत घालावीत असा तेव्हा दंडक होता, म्हणून पहिली ते चौथी ती माझ्याच शाळेत शिकली.

"आई, मी माझा ठसा काढून बघितला."

"कशाला नसते उद्योग?"

"सगळे बघतायत गं. ऑफिसमधल्या सगळ्यांनी बघितला. आई, तुझा दोनच टक्के आहे. अनोळखी त्र्याऐंशी. हे कसं? तू माझी आईही होतीस आणि बाईही होतीस."

काय सांगणार? तिला आठवत नसणार असं कसं म्हणू? व्हरांड्यात मालनच्या मांडीला टेकून ती वाचायची. घरी आल्यावर पुस्तक घेऊन माझ्याकडं यायची तेव्हा मी म्हणायचे, थांब गं समू, एवढी माहिती पाठवू दे. "यंत्र चुकतं कधीकधी," मी म्हटलं.

"मालनमावशीच ना?" ती म्हणाली. "मग सांग की त्यांना. तिचं नाव येऊ दे. किती छान होईल आई!"

"नोकरी जाईल माझी."

ती म्हणाली, "मी आहे ना. मी सांभाळीन तुला." मी फोन ठेवून दिला. लेकीच्या जिवावर जगायचं, आणि तेही चोर म्हणून? बत्तीस वर्षं झिजले मी या खात्यात. टाळ्या वाजवत ज्यांची नावं मी पेपरात वाचली, त्यांच्या रांगेत माझं नाव? नाही झेपलं मला. झेपायला हवं होतं, पण नाही झेपलं.

सोमवारी संध्याकाळी मी मालनच्या घरी गेले. ती अंगणात उतारा वाचायची तयारी करत होती. चौथीचं पुस्तक आणलं होतं तिनं शाळेतून. पथक येणार हे तिला पोरांनी सांगितलं होतं. मी बाजेवर बसले आणि सगळं सांगितलं. तिचं नाव आलं तर तीही जाईल, मीही जाईन. आणि सुटायची वाट कोणती, तेही सांगितलं.

ती पुस्तकाकडं बघत राहिली. "म्हंजे मला वाचाया येत न्हाई म्हनायचं?"

"फक्त त्यांच्यापुढं."

"आन् अंगठा द्यायचा."

"हो."

"बाई, मी सही शिकले तवा तुमीच पेढं वाटलं हुतं की वो." हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधंच बोलली. मला रडू आलं. मी तिचे हात धरले, म्हटलं, मालनताई, पाच वर्षं राहिलीत माझी, मी तुझ्या पाया पडते. मी खरंच वाकले. तिनं मला वरच्या वर धरलं. "असं नगा करू. तुमी बाई हाय. राहू द्या तुमची नोकरी. माजं नाव येऊन तरी काय उजेड पडनार हाय?"

मंगळवारी पथक आलं. दोन तरुण मुली आणि आवाज टिपायची एक पेटी. त्यांनी व्हरांड्यातच टेबल मांडलं. मी म्हटलं, "पोरांना आत बसवते," तर त्यातली एक म्हणाली, "असू दे मॅडम, सगळं उघड्यावर करायचा नियम आहे." एकतीस पोरं गोल करून बसली. आधी मी वाचलं. मग अंगणवाडीच्या ताईंनी, मग पोपट गडदेनं घाम पुसत. मग मालनला बोलावलं.

ती पदर सावरत आली. उतारा तिच्यापुढं धरला. तिची नजर पहिल्या ओळीवर गेली आणि ओठ हलले. सवयच होती ती. मग तिनं ओठ मिटले.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली.

"मावशी, येतंय की तुमाला!" दुसरीतली कार्तिकी ओरडली. "काल तर वाचला की आमच्यासंगं कोल्ह्याचा धडा!"

सगळी पोरं एकदम ओरडायला लागली. येतंय, येतंय, मावशी लाजतीया. एकजण म्हणाला, "आडलं तर मागनं या की मावशी!" पथकातल्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, यांना वाचता येतं का?"

आता सांगते, तो क्षण माझा होता. मालननं तिचं काम केलं होतं. तोंड उघडायची पाळी माझी होती. मी मुख्याध्यापक, माझा शब्द प्रमाण. एकतीस पोरं, पोपट आणि मालन माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "पोरं काहीही बोलतात. धडे त्यांना पाठ आहेत, ती म्हणतात, ही ऐकते."

मालननं अंगठा पुढं केला. शाई लागली, कागदावर उठला. पोरं गप्प झाली. कार्तिकीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मालनकडं, आणि खाली मान घातली. पथकातली मुलगी म्हणाली, "मदतनिसांची माहिती तुमच्या लॉगिनमधून भरा, आम्हाला अधिकार नाही." मी मोबाइल काढला. नाव, मालन गडदे. पद, मदतनीस. शिक्षण या रकान्यात मी निरक्षर निवडलं आणि पाठवून दिलं. त्याच मिनिटाला ते सगळ्या राज्याला दिसायला लागलं.

पंधरा दिवसांत प्रकरण बंद झालं. बिराजदार सरांनी फोन केला, "सुटलात." मी आभार मानले.

मालन कामावर येत होती. खिचडी करायची, वाढायची, भांडी घासायची. पण व्हरांड्यात बसेना. पोरं पुस्तक घेऊन गेली की म्हणायची, "बाईंकडं जा, मला येत न्हाई." पहिले काही दिवस पोरं हट्ट करायची. मग त्यांनी सोडून दिलं. एका दुपारी पोपटच्या धाकट्यानं तिला "अंगठेबहाद्दर" म्हणून चिडवलं. मी त्याला फटका दिला, तर मालन म्हणाली, "का मारता त्याला? खोटं कुठं बोलला?" महिनाअखेरीस तिनं काम सोडलं. माजं गुडघं दुखत्यात, एवढंच कारण दिलं.

दिवाळीला समृद्धी आली. तिनं गुरुपटावरची नोंद आधीच बघितली होती. माझ्याशी भांडली नाही, पण बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चल, मावशीकडं जाऊ." माझे पाय निघत नव्हते, पण गेले.

मालन शेणानं अंगण सारवत होती. समृद्धीला बघून उठली, हात धुतले, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "केवढी झाली गं माजी समू!" समृद्धी वाकून तिच्या पाया पडली. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. स्वतःच्या हातानं पत्र लिहून आणलं होतं तिनं.

"मावशी, हे तुझ्यासाठी लिहिलंय. तू वाच. मला ऐकायचंय."

मालननं कागद हातात घेतला. बरीच मोठी, गोल अक्षरं होती. मला दिसलं, तिची नजर पहिल्या ओळीवरून चालली, मध्ये एकदा थांबली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. तिनं सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग घडी घालून कागद समृद्धीच्या हातात दिला.

"मला न्हाई वाचाया येत गं."

"मावशी, असं काय करतेस? इथं कुणी नाही. मीच आहे."

मला राहवलं नाही. "येतं तिला, समू. चांगलं येतं. मी खोटं बोलले. सगळ्यांपुढं खोटं बोलले मी." पाच महिने दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. मला वाटलं होतं, हे बोलले की बरं वाटेल.

मालन माझ्याकडं वळली. एकोणीस वर्षांत मी तिला इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"न्हाई येत म्हटलं नव्हं बाई," ती म्हणाली. "पोरांम्होरं अंगठा दिलाय मी. ती पोरं आता मला येत न्हाई असं धरूनच मोठी हुनार. आता येतंय म्हनून कुनाला सांगू?"

समृद्धी रडत होती. मालननं पदरानं तिचे डोळे पुसले, लाडू खाऊन जा म्हणाली, आणि लाडू आणायला म्हणून आत गेली. आम्ही अंगणात उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं तिची सून ताटली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, सासूबाई झोपल्यात.